एक्कावन्नावं पान

ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की त्यावर शिक्के कुठे कुठे मारायचे हे ठरलेलं असतं. शीर्षकपानाच्या मागे एक, शेवटच्या पानावर एक, आणि एक गुप्त पानावर. गुप्त पान म्हणजे प्रत्येक ग्रंथालयानं आपल्यापुरता धरलेला एक आकडा. चोरानं पुढची-मागची पानं फाडून टाकली तरी त्या आकड्याचं पान उघडलं की पुस्तक कुणाचं ते कळतं. आमच्या कॉलेजचं गुप्त पान ५१ होतं. मी तिथं एकतीस वर्षं काढली. शिक्का जरा डावीकडे कलता मारायची माझी सवय शेवटपर्यंत गेली नाही.

हे गुप्त पान एकदा माझ्यावरच उलटलं. कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी हजेरीपत्रकाचे कोरे तक्ते काढायला गेले होते. काउंटरवर स्पायरल बाइंडिंग केलेल्या सात-आठ जाड वह्यांची चवड होती. वर पारदर्शक प्लास्टिक, खाली निळा पुठ्ठा. सहज एक उघडली तर आमच्याकडचं अर्थशास्त्राचं पुस्तक, अख्खं. हात आपोआप ५१व्या पानावर गेला. शिक्का होता, काळा पडलेला आणि डावीकडे कललेला.

"हे कुठलं हो?" मी विचारलं.

"तुमच्याकडचंच आहे की म्याडम," तो म्हणाला. "शिक्का बघा की."

त्याच्या आवाजात ना भीती होती ना उर्मटपणा. दुधवाल्यानं दूध गायीचंच आहे सांगावं तसं सांगितलं त्यानं. त्याच सुमारास प्राचार्यांकडे कुठल्याशा संस्थेचं इंग्रजी पत्र आलेलं होतं, कॉपीराइटबद्दल, चांगलं दमात घेणारं. सरांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला, "मॅडम, आपल्यावर काही येणार नाही ना?" दुसऱ्या दिवशी मी फलक रंगवून घेतला आणि देवघेव काउंटरच्या बरोबर वर लावला. पिवळ्यावर लाल अक्षरं: 'ग्रंथालयातील पुस्तकांची पूर्ण अथवा अंशतः झेरॉक्स काढणे हा कायद्याने गुन्हा आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे, दंड ५० हजार ते २ लाख रुपये.'

'अथवा अंशतः' हे शब्द पत्रात नव्हते, कायद्यातही नाहीत. ते माझे. कायदा हातात आला की माणूस आधी शिक्षेचं कलम वाचतो. मी ६३ वाचलं आणि फाइल मिटली. त्याच्या अलीकडे ५२ आहे आणि आम्हा ग्रंथपालांना लागतं ते सगळं तिथंच आहे, हे कळायला मला पुढची पाच-सहा वर्षं लागली.

नकलेचा राग मला घरातून आलेला आहे, हेही सांगायला हवं. आमचे अण्णा चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर, भोवती सगळे यंत्रमाग. रात्री माग बंद पडला तरच झोपमोड व्हायची. अण्णा मोठ्या ग्राफ पेपरवर बारीक चौकोन रंगवत बसायचे. एकेक चौकोन म्हणजे कुठला धागा वर आणि कुठला खाली, याचा हुकूम. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडायची, त्या पट्ट्यांची माळ मागाच्या डोक्यावरच्या जेकार्डवर चढायची आणि खाली चादरीत मोर उतरायचा. अण्णांचा एक मोर मान वळवून मागं बघणारा होता. पंधरा दिवस खपले होते त्यावर. महिन्याभरात तोच मोर चाटी गल्लीत दुसऱ्याच कारखान्याच्या चादरीवर टांगलेला दिसला. आपलाच हे कसं ओळखलं? अण्णांच्या हातून ग्राफवर एक चूक झाली होती, पिसाऱ्यात डाव्या अंगाला एक डोळा कमी पडला होता. दुकानातल्या मोरालाही डावीकडे एक डोळा कमीच.

अण्णा चिडले नाहीत. घरी येऊन चहा पिता पिता म्हणाले, "माझी चूक पण नेली की त्यांनी." मी तेव्हा सातवीत असेन. चोर म्हणजे काय याचं माझ्या डोक्यातलं चित्र त्या दिवसापासून पक्कं झालं. फलक लावताना माझ्या डोळ्यांपुढे प्रकाशक नव्हता, तो मोर होता.

त्या फलकाखाली सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली मुलगी एम. ए.ची होती. समाजशास्त्राचं परदेशी पुस्तक, किंमत साडेतीन हजारांच्या घरात, आमच्याकडे एकच प्रत आणि तीही संदर्भ विभागातली, म्हणजे घरी न मिळणारी. "म्याडम, तीनच चाप्टर पाहिजे होते. अर्ध्या तासात काढून आणून देते की." मी बोलले नाही, फक्त वर बोट दाखवलं. तिनं फलक वाचला आणि वाचनकक्षात जाऊन बसली. दप्तरातून फुलस्केप ताव काढले आणि लिहायला लागली. एप्रिलचे दिवस, दुपारी आमच्याकडे डांबर चिकटतं. चार दिवस ती रोज येत होती. तिच्या हाताचा घाम कागदाला लागू नये म्हणून खाली रुमाल घडी करून ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्या डोक्यावरचा पंखा वाढवला आणि मनात म्हटलं, किती कष्टाळू पोरगी. हातानं उतरवून घेतलं तरी ती नक्कलच, हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. शाईनं केलेली नक्कल मला अभ्यास वाटत होती आणि विजेवर केलेली चोरी.

नेमकी हीच गोष्ट दिल्लीतल्या एका न्यायमूर्तींनी निकालपत्रात लिहिली, १६ सप्टेंबर २०१६ रोजी. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानाचा तो खटला ग्रंथालयाच्या धंद्यात कुणाला माहीत नाही असं होणार नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. अभ्यासक्रमात नेमलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून हे दुकान त्यांचा संच बांधून विकत होतं. मधल्या काळात संच विकायला मनाईही झाली. न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांनी आपल्या विद्यार्थिदशेची आठवण काढली, की तेव्हा मुलं ग्रंथालयात आळीपाळीनं बसून पानंच्या पानं हातानं उतरवत असत. परिणाम तोच असेल तर नुसतं साधन बदललं म्हणून कृत्य गुन्हा कसं होईल, हा त्यांचा प्रश्न. मी तो निकाल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाचत होते. ते पान आलं आणि मला तो घडी केलेला रुमाल दिसला. पुढचं वाचायला जरा वेळ लागला.

आधार कलम ५२चा होता. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली नक्कल हा भंग नाही, असं तिथं सरळ लिहिलेलं आहे. प्रश्न एवढाच होता, की 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे फळ्यासमोरचा तासच का? न्यायालय म्हणालं, नाही. वाचायला काय नेमलं इथपासून तो सुरू होतो. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठानं काही मुद्दे पुन्हा तपासायला परत पाठवले, पण मूळ धागा तोच ठेवला: किती पानं यापेक्षा कशासाठी, हे बघा. मग मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

परवानगी न घेता चालणाऱ्या वाजवी वापराला आमच्यातले पुष्कळ जण अजूनही 'फेअर यूज' म्हणतात. परिसंवादाच्या बॅनरवरही तेच छापलेलं असतं. खरं तर तो अमेरिकेचा शब्द, त्यांच्या १९७६च्या कायद्याच्या कलम १०७ मधला. तिथं चार कसोट्या दिल्या आहेत आणि वापर कुठल्याही कामाचा असला तरी त्या लावून बघायच्या. आपला शब्द 'फेअर डीलिंग'. आपल्याकडे कामं नेमून दिलेली आहेत: खासगी वापर आणि त्यात संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. शिवाय शिक्षण, परीक्षा, ग्रंथालयं, अपंगांसाठी सोयीच्या प्रती, यांच्यासाठी वेगळी पोटकलमं. त्यातलं अपंगांसाठीचं २०१२च्या दुरुस्तीनं आलं. त्याआधी आमच्याकडे एक अंध मुलगा होता, त्याच्या मैत्रिणी त्याला पुस्तकं वाचून टेप करून द्यायच्या आणि मी 'माझ्या नजरेआड करा' म्हणायची. आता नजरेआड करायची गरज नाही.

आणि दहा टक्के. प्रत्येक शिबिरात कुणी तरी उठून सांगतोच, की पुस्तकाची दहा टक्के पानं चालतात. मीही दोन-तीन वर्षं तेच सांगत होते, पानं मोजून देत होते, तीनशेचं पुस्तक तर तीस. आपल्या कायद्यात असा आकडाच नाही. कलम ५२ मध्ये टक्का शोधायला गेलात तर मिळणार नाही. 'फेअर' या शब्दानं तो निवाडा समोर बसलेल्या माणसावर सोडला आहे. आम्हाला मात्र निवाडा नको असतो. आकडा असला की बरं, फलक असला की आणखी बरं. कुणी विचारलं तर वर बोट दाखवता येतं.

इथं कुणी म्हणेल, मग झेरॉक्सवाल्याच्या त्या निळ्या वह्या बरोबर होत्या का? नव्हत्या. ते पुस्तक बाजारात मिळत होतं, विद्यार्थी आवृत्ती अडीचशे रुपयांना होती, आणि त्यानं ते अख्खं छापून तीन कॉलेजांत खपवलं होतं. आमच्याच एका सरांचं मराठी पाठ्यपुस्तक असंच गेलं. सरांनी पदरच्या पैशांनी पाचशे प्रती काढल्या होत्या. दीडशे खपल्या, उरलेल्या त्यांच्या दिवाणखाली आहेत, आणि पुस्तक मात्र विद्यापीठाच्या हद्दीत सगळ्यांकडे आहे. लंडनच्या प्रकाशकाचं तीन प्रकरणांनी काही वाकडं होत नाही, सरांचं झालं. म्हणून मी फलक काढून टाकला नाही, बदलला. 'पूर्ण' शब्द ठेवला, 'अथवा अंशतः' खरवडून काढलं आणि खाली लिहिलं, 'अभ्यासासाठी प्रकरण हवे असल्यास ग्रंथपालांना विचारा.' रंगाऱ्यानं वेगळा पिवळा लावला, त्यामुळे खरवडलेली जागा शेवटपर्यंत ओळखू यायची.

त्याच वाचनात अण्णांच्या मोराचंही कलम सापडलं. कलम १५. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन जर नोंदवलंच नाही, तर त्या डिझाइनची वस्तू कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त वेळा निघाली की त्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे एक्कावन्नावी चादर मागावरून उतरली की मोर सगळ्यांचा. आमच्या मालकांनी नोंदणी कशाला केली असेल? आणि मागावर एक्कावन्न चादरी व्हायला वेळ तो कितीसा? शिवाय हक्क असता तरी तो अण्णांचा नव्हताच. नोकरीत केलेलं काम, म्हणजे पहिला धनी मालक. सोलापुरी चादरीला आता भौगोलिक मानांकन आहे, पण त्यानं राखण होते ती गावाच्या नावाची. मान वळवलेल्या मोराची नाही. अण्णा तेव्हा हयात होते. मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग डोळा कमी पडला ते बरंच झालं. तेवढा तरी माझा राहिला."

निवृत्तीच्या आधीचं वर्ष. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद, तिची तयारी म्हणून जुन्या पुस्तकांचं निर्लेखन सुरू होतं, म्हणजे यादी करायची, समितीची सही घ्यायची आणि रद्दीत घालायचं. त्या ढिगात अठ्ठेचाळीस पानांची एक पुस्तिका निघाली. पिनांना गंज, कडा विटकरी, पान उलटलं की कोपरा हातात येतोय. एका गिरणी कामगाराच्या १९३०च्या आठवणी. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल इथं उरला नाही, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. या पुस्तिकेत ते सगळं लांबून ऐकू येतं. तिच्यात आहे तो रस्ता, कर्फ्यूत पाणी कुठून आणलं ते, जुन्या मिलचा भोंगा बंद पडल्यावर वेळ कशी कळायची ते. पन्नास पानांच्या आत संपल्यामुळे तिला गुप्त पानच नव्हतं. शिक्का शेवटच्या पानावर मारलेला, माझ्या आधीच्या ग्रंथपालांचा, अगदी सरळ.

छपाईचं साल नाही, छापखाना कधीच बंद पडलेला. अशा पुस्तकासाठी कलम ५२ मध्ये दोन वाटा आहेत. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढता येतात. आणि छापील प्रत आपल्याकडे असेल तर जतनासाठी संगणकावर साठवता येतं. कॉलेजचं ग्रंथालय 'सार्वजनिक' म्हणायचं का, यावर वकील आठवडाभर भांडतील. आमच्याकडे बाहेरच्या अभ्यासकांना बसायची मुभा होती, तेवढ्यावर मी सार्वजनिक धरलं. पण पुस्तिका पुन्हा छापायची, लोकांच्या हातात द्यायची, तर परवानगी हवी. लेखक सापडतच नसेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो, त्याआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला बेत जाहिरात देऊन छापावा लागतो. पूर्व भागातल्या कामगाराचा वारस इंग्रजी दैनिकात शोधायचा, ही कल्पना ज्यानं केली त्याला एकदा बाळीवेशीत आणून चहा पाजायला पाहिजे.

मी चालत शोधलं. मिलच्या चाळीतल्या दोघांना विचारलं, तिसऱ्यानं घर दाखवलं. लेखकाच्या सूनबाई भेटल्या, सत्तरीच्या पुढच्या, दारात शेंगा फोडत बसलेल्या. मी पुस्तिका दाखवली. त्यांनी नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"आमचे मामंजी लिहीत होते व्हय? पोस्टकार्डसुद्धा माझ्याकडनं लिहून घ्यायचे."

म्हणजे सांगितलं त्यांनी आणि लिहिलं दुसऱ्याच कुणी तरी. त्या दुसऱ्याचं नाव पुस्तिकेत कुठंच नाही. तो धागा मी मुद्दाम ओढला नाही.

"ते वारले कधी?"

"बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. माझा थोरला तेव्हा पोटात होता."

म्हणजे १९७१. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, आणि मोजायची पुढच्या जानेवारीपासून. २०३१ संपेपर्यंत हक्क वारसांचा. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती म्हणून ती दहा वर्षांनी वाढवली. त्या वाढीव दहा वर्षांत शांतिनिकेतनाबरोबर ही अठ्ठेचाळीस पानंही आली. वारस म्हणजे कोण कोण? या बाईंचे मालक गेलेले, मुलं तीन. दीर भिवंडीला गेले ते तिकडचेच झाले. नणंद सुरतेला. छापायचं तर सगळ्यांच्या सह्या.

बाई म्हणाल्या, "छापा की. आम्ही काय करणार त्याचं? तेवढी एक आम्हाला द्या म्हणजे झालं."

मी त्यांच्याकडून वहीच्या पानावर चार ओळी लिहून सही घेतली, त्यांच्यापुरती. भिवंडीचा नंबर मिळाला, सुरतेचा पत्ता मिळाला नाही. आणि परत येताना माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. कायद्यानं तीन प्रती, त्याही ग्रंथालयाच्या वापरासाठी. एक कपाटात, एक वाचनकक्षात, एक बांधून ठेवायला. मग ज्याचं पुस्तक त्याच्याच सुनेला द्यायची ती प्रत कुठल्या खात्यात?

संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात गेले. तोच मालक, आता केस पिकलेले, मशीन मात्र नवं. पुस्तिका मी हातातून सोडली नाही, एकेक पान स्वतः काचेवर ठेवलं. तो नुसतं बटण दाबत होता.

"किती काढायच्या म्याडम?"

"तीन," मी म्हटलं. आणि पहिलं पान उचलता उचलता, "नाही, चार."

त्यानं चार केलं. वीसेक पानं झाल्यावर त्याचा हात थांबला. बाहेर आलेला गरम कागद त्यानं ट्यूबलाइटखाली धरला.

"ह्याच्यात जुन्या मिलच्या भोंग्याचं लिवलंय की. आमचा आज्जा तिथंच होता." थोडं वाचलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्याडम, पाचवी काढू का? माझ्याकडची असू दे. पैसे नको."

फलक माझ्या मागे, रस्त्यापलीकडे, दोन भिंतींच्या आत होता. मी पुढचं पान काचेवर ठेवलं.